प्रश्न क्रमांक ३१

आमच्या प्रश्नावलीत एकूण ४४ प्रश्न होते. त्यांतला ३१वा असा : ‘कुटुंबातील कोणी कामानिमित्त बाहेरगावी आहे काय? असल्यास त्यांच्याकडून दरमहा सरासरी किती रक्कम येते?’ वाचकहो, छापील अक्षरांत हा प्रश्न किती साधा दिसतो! मीही तो साधा समजूनच पाठ केला होता. पण गेल्या हिवाळ्यात याच प्रश्नाने माझी दोन रात्रींची झोप उडवली.

तरी गोष्ट आधीपासून सांगितली पाहिजे, आणि ती पुण्यापासून सुरू होते.

अर्थशास्त्र घेतलेल्या आम्हां अकरा जणांना घेऊन सर एका शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला निघाले. घरी मी ‘सहल आहे’ असे सांगून परवानगी मिळवली होती. मनात शनिवारवाडा, पर्वती, जमल्यास लक्ष्मी रोड. प्रत्यक्षात सहल जाऊन थांबली ती डेक्कन जिमखान्याजवळच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या आवारात, एका प्रचंड वडापाशी. आमची तोंडे उतरलेली पाहून सर म्हणाले, “चेहरे पाडू नका. ही संस्था आपल्या सातारकराच्या पैशांतून उभी राहिली आहे.”

ते खरेच होते. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. गोखले १९१५ मध्ये गेले. पुढे साताऱ्याचे वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी समाजाला देणगी दिली आणि तिच्यातून १९३० साली गोखल्यांच्या नावाची ही संस्था निघाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, तेव्हा अवघे एकोणतीस वर्षांचे! आमच्या गावात एकोणतीस वर्षांच्या माणसाला सोसायटीच्या सभेत बोलू देत नाहीत.

आत ग्रंथालयाला गाडगीळांचेच नाव आहे. प्राचार्यांचे पत्र दाखवून आम्ही आत गेलो आणि चपलांचा आवाज होऊ नये म्हणून अकाराही जण चोरपावलांनी चालू लागलो. तिथे सरांनी एक पुस्तक काढून माझ्या पुढ्यात ठेवले. जुने, इंग्रजी. नावात ‘वाई तालुका’ हे शब्द वाचले मात्र, माझे डोळे लकाकले. वाई म्हणजे माझे आजोळ! वाई तालुक्यातल्या शेतीच्या धंद्याची ती पाहणी, १९४० साली प्रसिद्ध झालेली. मेणवलीचा घाट आणि ढोल्या गणपती यांपलीकडे माझ्या आजोळात कुणाला काही पाहण्यासारखे वाटले असेल, हे मला ठाऊकच नव्हते. इथे तर पानोपानी तक्ते होते.

“हे तक्ते पुण्यात बसून भरत नाहीत,” सर हळूच म्हणाले. “कुणीतरी बांधावर जाऊन विचारतो, कुणीतरी काम सोडून उत्तर देतो. मग एक आकडा होतो.”

तेव्हा मला हे वाक्य सरांच्या नेहमीच्या वाक्यांपैकी एक वाटले. सरांची अशी वाक्ये आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो आणि मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करतो. असो.

त्या दिवशी पुष्कळ पाहिले. पुणे शहराची पाहणी दोन भागांत आहे, एक १९४५चा आणि दुसरा १९५२चा. मग त्याच शहराची फेरपाहणी १९५६ची. म्हणजे एकदा विचारून थांबायचे नाही, पुन्हा जाऊन ‘आता कसे चालले आहे’ म्हणून विचारायचे, हीही तिथली रीत. काळ्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानांच्या पुस्तिकाही पाहिल्या. त्यांत १९३९चे व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निघाले. १९३५च्या कायद्याने हिंदुस्थानवर जे संघराज्य लादले जात होते, ते हवे की स्वातंत्र्य, असा त्याचा विषय. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाचे नाव दाखल झाले, तोच पुढे साताऱ्याच्या वकिलाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी पुण्यात उभा राहिला. सातारकर म्हणून मला उगीचच कॉलर ताठ करावीशी वाटली. (माझ्या ड्रेसला कॉलर नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

पण मला सर्वांत आवडली ती हकिगत कुठल्या पुस्तकात नव्हती, परतीच्या एस.टी.त सरांनी सांगितली. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखाना काढायचे ठरवले. १९५०च्या अखेरीस तो सुरू झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ उसाच्या फडातल्या माणसांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसतो, त्यांच्या हिशेबावर सही करतो! सहकारावर ग्रंथ लिहिणे सोपे नसेल. पण त्या खुर्चीत बसणे त्याहून अवघड असले पाहिजे. ग्रंथ चुकला तर दुसरी आवृत्ती निघते. कारखाना चुकला तर माणसांच्या जमिनी जातात.

डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर लागले. सकाळी श्रमदान, दुपारी पाहणी. घराघराचा मासिक खर्च आणि उत्पन्न विचारायचे, असा आमच्या विभागाचा छोटासा प्रकल्प होता. माझ्या वाट्याला २३ घरे आली. गावाचे नाव येथे देत नाही. पुढे येणारी रक्कमही मी बदललेली आहे, आणि हवे तर सांगते, प्रश्नाचा क्रमांकही ३१ नाही.

सरांचा एक नियम होता : उभ्याने प्रश्न विचारायचा नाही. बसायचे, पाणी दिले तर प्यायचे, आणि पहिले पाच मिनिटे कागद पिशवीतून काढायचा नाही. दुसरा नियम : ‘हे कशासाठी?’ असे कुणी विचारले, तर ‘तुम्हांला काही मिळेल’ असे चुकूनही म्हणायचे नाही.

हा दुसरा नियम पाळणे फार जड गेले. पहिल्याच घरी एका बाईंनी विचारले, “रेशनकार्डातनं नाव तर कमी करनार न्हाई न्हवं?” दुसऱ्या घरी घरधन्याने तीन म्हशींची एक म्हैस केली, उरलेल्या दोघी गोठ्यातून हंबरत होत्या. मी लिहिले एक. तोंडावर कसे म्हणणार, की काका, त्या दोघी कुणाच्या?

चौथ्या दिवशी दुपारी आजींच्या घरी गेले. वय सत्तरीला टेकलेले. घरात एकट्या. ओसरीवर शेजारच्या दोन बायका शेंगा फोडत बसलेल्या. आजींनी मला पाटावर बसवले, गुळाचा खडा आणि पाणी दिले. मग मी कागद काढला.

“आजी, गेल्या महिन्यात डाळ किती आणली?”

“डाळ कशाला आनू? पावटं हायती की परसात.”

“भाजी?”

“बांधाला उगवती ती कुनाच्या बाची हाय?”

“दूध?”

“च्यापुरतं हिच्याकडनं येतंय,” शेजारणीकडे बोट.

म्हणजे डाळ शून्य, भाजी शून्य, दूध शून्य. माझ्या कागदावर आजी हवा खाऊन जगत होत्या. खरे तर घरच्या पिकाची आणि आयत्या मिळालेल्या वस्तूंचीही किंमत धरायची असते. ती धरताना मी बोटांवर हिशेब करू लागले, तशा आजी हसू लागल्या. निराधाराचा पगार दीड हजार येतो, म्हणाल्या. लाडकी बहीण योजनेचे विचारले तर म्हणाल्या, “ती पासष्टपातूर म्हनं. म्या न्हवं लाडकी भैन, म्या म्हातारी भैन!” ओसरी हसली.

पूर्वी काय काम केले, या प्रश्नाला मात्र त्या रंगल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. नवीन लग्न झालेले. सासूबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सुकडी मिळे. “हातांचं सालटं गेलं, पन हप्त्याला पैका माज्या हातात पडायचा. त्याआदी कवा पडलावता?” हे ऐकताना मला पुण्याच्या फडताळातले एक पुस्तक आठवले. रोजगार हमी योजना म्हणजे बायकांना मिळालेली कामाची संधी, अशा अर्थाच्या नावाचे, कुमुदिनी दांडेकरांचे, १९८३चे. रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची, त्या दुष्काळात ती राज्यभर रुजली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने तसाच कायदा केला. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या पाठांतराला असे सालटे गेलेले हात असतील, हे ध्यानात आले नव्हते.

मग ३१वा प्रश्न आला. मुलगा मुंबईत.

“किती पाठवतो महिन्याला?”

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. आजींनी एकदा शेजारणींकडे पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “दोन हजार. लिव. दर म्हैन्याला. चुकत न्हाई.”

मी लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात अंथरुणे गुंडाळत होतो, तर आजी फाटकाशी उभ्या. पदरात भाजलेल्या शेंगा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरी, त्ये कालचं दोन हजार तसंच ऱ्हाऊ दे.”

“का आजी? तसंच आहे की.”

“तीन वर्सं झाली. त्येचा पैका न्हाई, फोन न्हाई. पन शेजारनींच्या म्होरं कसं बोलू? तू लिवलंयस ते खोडू नगंस. कागूद कुनी वाचला म्हंजी?”

मी ‘नाही खोडत’ म्हणून वचन दिले. शेंगा घेतल्या. त्या मला खाववेनात.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगायला हवी. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. महिन्याच्या सात-आठ तारखेला त्यांचे पैसे येतात. मी आठवीत असताना त्यांचा पाय मुरगळला आणि दोन महिने ते आले नाहीत. त्या दोन महिन्यांत काकूने विचारले की आई म्हणे, “आले की परवाच!” आणि साखर आणायला मला नेहमीच्या दुकानात न पाठवता वरच्या आळीतल्या दुकानात पाठवी, कारण तिथे आमची उधारी कुणाला माहीत नव्हती. म्हणून आजींचे ‘चुकत न्हाई’ मला ओसरीवरच ऐकू यायला हवे होते. मला ते ऐकू आले नाही, कारण माझे लक्ष रकान्याकडे होते.

पहिली रात्र याच विचारात गेली. दुसरी रात्र अर्थशास्त्राने खाल्ली.

दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास आम्हांला चार गुणांच्या टिपेला असतो. वि. म. दांडेकर तेव्हा गोखले संस्थेचे संचालक आणि नीलकंठ रथ तिथलेच. १९७१ साली त्यांनी मांडले, की दिवसाला २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च म्हणजे १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि खेड्यांतली सुमारे ४० टक्के व शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे याच्याही खाली आहेत. माणसाला किती उष्मांक लागतात, यावर पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि दांडेकर यांचा मोठा वाद झाला. आम्ही तो ‘टीका’ या मथळ्याखाली दोन ओळींत लिहितो.

पण हा सारा डोलारा उभा होता तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर. म्हणजे कुठल्यातरी ओसरीवर कुणीतरी विचारले आणि कुणीतरी सांगितले. त्यांत अशा किती आजी असतील? सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “रेशनकार्डाच्या भीतीने कमी सांगणारे आणि मानापायी जास्त सांगणारे असे दोन्ही असतात. चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या तर सरासरी फारशी हलत नाही. एकाच बाजूला पडल्या तर हलते.” मग त्यांनी १९९९-२०००च्या ५५व्या फेरीचे सांगितले. त्या वेळी एकाच घराला खाण्याचा खर्च सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. त्यामुळे उत्तरे जुन्या फेऱ्यांशी जुळेनात, आणि देशातले दारिद्र्य खरोखर किती कमी झाले यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. कुणी खोटे बोलले नव्हते. फक्त ‘किती दिवसांचे आठवा’ हे बदलले होते.

“पण सर, उत्तर खोटं आहे हे आपल्याला कळलं, तर?” मी घर न सांगता विचारले.

सरांनी चष्मा पुसला. मग कूळकायद्याची हकिगत सांगितली. १९४८च्या मुंबई कूळकायद्याचा अंमल कसा झाला, हे दांडेकर आणि खुदनपूर यांनी तपासले. तो अहवाल १९५७चा. सरकारी दप्तरात जागोजाग नोंद होती, की कुळाने जमीन ‘स्वखुशीने’ सोडली. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही, मागे जाऊन पाहिले. कायद्याने ज्याला राखायचे तोच जमिनीवरून उठत होता आणि कागद म्हणत होता स्वखुशीने. सर म्हणाले, “त्यांनी तो शब्द खरा धरला असता, तर अहवाल लिहायचं कारणच नव्हतं.”

मला ते पटले आणि पटले नाहीही. ‘स्वखुशीने’ हा शब्द जमीनदाराच्या सोयीचा होता. आजींचे दोन हजार कुणाच्या सोयीचे? फार तर त्या परागंदा पोराच्या. पण तेही खरे नाही; ते आजींच्या स्वतःच्या होते. चार घरांत मान वर करून बसायला लागतात तेवढे. आणि तरी दोन्हींचा परिणाम एकच, हे मला टोचत राहिले : कागद म्हणतो, सर्व ठीक आहे. कागदाच्या मते आजींना महिना साडेतीन हजार मिळतात. उद्या एखादी योजना त्या कागदावरून आखली गेली, तर आजी तिच्यात बसणार नाहीत.

शेवटी मी काय केले ते सांगते. आजींच्या कागदावरचे दोन हजार मी खोडले नाहीत, वचन होते. पण एकत्रित तक्ता करताना ती रक्कम धरलीही नाही. बाहेरगावी माणूस असलेली घरे १४, आलेल्या रकमा १३. तपासताना सरांचे बोट बरोबर त्या ओळीवर थांबले. “एक रक्कम कुठे गेली?” मी गप्प. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि तक्ता तसाच पुढच्या गठ्ठ्यात ठेवला. मला वाटले, सुटले.

सुटले नव्हते. अहवाल महाविद्यालयात वाचण्याआधी गावात वाचायचा, हा सरांचा तिसरा नियम. ज्यांनी सांगितले त्यांना आधी ऐकवायचे. होळी झाल्यावर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या, ध्वनिक्षेपक, सरपंच, आणि माणसे खरोखरच आलेली. आपल्याविषयी काय लिहिले आहे, ते ऐकायला कुणाला आवडणार नाही? आजी बायकांत पुढेच बसल्या होत्या. मी कार्डबोर्डवर रंगवलेले तक्ते दाखवू लागले. मुंबईहून गावात किती पैसा येतो, तो खतात किती जातो, दवाखान्यात किती. माना डोलत होत्या.

एवढ्यात मागून एक तरुण उठला. वाणिज्य शाखेचा असावा. “ताई, बाहेर माणसं चौदा घरांतली म्हणता, आणि पैसे तेराच घरांत कसे? चौदावं घर कुणाचं?”

मंडपात कुजबुज झाली. चौदा घरे कुणाची, हे गावात सर्वांना ठाऊक. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक-दोन नजरा आजींच्या दिशेने वळू लागल्या होत्या. आजी खाली सतरंजीची दशी ओढत होत्या. सर खांबाला टेकून उभे होते; ते काही बोलले नाहीत.

“ते...” मी म्हणाले, “ते माझ्याकडून लिहायचं राहून गेलं. त्या घरी मी तो प्रश्न विचारायलाच विसरले.”

मंडप हसला. सरपंच म्हणाले, “चालायचंच, पोरसवदा हायत.” तो तरुण विजयी मुद्रेने खाली बसला. आणि सगळ्यांच्या वर एक खणखणीत आवाज आला :

“कालिजात जातीस न्हवं? मग लिवताना नीट लिवावं गं! आमी कामं सोडून सांगायचं, आन तुमी इसरायचं?”

आजी होत्या. मान ताठ.

मी “चुकलं आजी” म्हणाले आणि पुढचा तक्ता उचलला.

अहवालाची प्रत आमच्या विभागाच्या कपाटात आहे. त्या तक्त्याखाली सरांच्या अक्षरात तळटीप आहे : ‘प्रगणकाच्या नजरचुकीमुळे एका कुटुंबाची माहिती अपुरी.’ त्या नजरचुकीपायी प्रकल्पाच्या वीस गुणांतले माझे दोन गुण कापले गेले. सर, हे छापून आल्यावर आपण वाचालच. गुण परत मागत नाही. तळटीप मात्र आहे तशीच राहू द्यावी.